पॅराशूट तपासणारी मुलगी

मेरिलिन मन्रोचा हा फोटो पहिल्यांदा बघणाऱ्याला ती मेरिलिन मन्रो आहे हे सांगावं लागतं. केस तपकिरी आणि कुरळे. पँटच्या कमरेला कंपनीचा बिल्ला लावलेला, हातात विमानाचा पंखा. पंखा एवढा लहान, की तो खरोखर उडणाऱ्या विमानाचा आहे यावर विश्वास बसू नये. हसू तेवढं ओळखीचं आहे, पण तेही अजून घडवलेलं नाही. कुणी फोटो काढतंय म्हटल्यावर कामावरची कुठलीही मुलगी हसेल, तसं ते हसू. नाव विचारलं असतं तर तिने नॉर्मा जीन डॉहर्टी असं सांगितलं असतं, आणि कदाचित पुढे हेही, की नवरा जहाजावर आहे.

या फोटोची गोष्ट सिनेमाच्या पुस्तकांतून, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून इतक्यांदा येऊन गेली आहे, की ती एका दमात सांगता येते. दुसरं महायुद्ध चालू होतं. कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्यात एक अनाथासारखी वाढलेली मुलगी काम करत होती. लष्कराचा फोटोग्राफर डेव्हिड कोनोव्हर कामगार बायकांचे फोटो काढायला आला, त्याच्या कॅमेऱ्याला ही मुलगी सापडली, आणि मग ती मॉडेल झाली, नटी झाली, मेरिलिन मन्रो झाली.

घडलं ते साधारण असंच. माझी तक्रार घटनांबद्दल नाही, सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. या गोष्टीतला कारखाना म्हणजे एसटी स्टँड. मुलगी बाकड्यावर बसली आहे, गाडी आली, ती चढली, स्टँड मागे पडला. पण नॉर्मा जीन तिथे बसलेली नव्हती. ती दिवसाचे दहा तास उभी होती आणि तिच्या हातात काम होतं. ते काम काय होतं, ते कुणी उभं केलं होतं आणि ती तिथे का पोचली होती, हे विचारायला लागलं की गोष्टीतला चमत्कार जरा कमी होतो. मला ती त्यामुळे जास्त आवडायला लागली.

कंपनीचं नाव रेडिओप्लेन. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला सॅन फर्नांडो खोरं आहे, तिथल्या व्हॅन नाइजच्या विमानतळावर हा कारखाना होता. तिथे बनायची ती माणसाशिवाय उडणारी, रेडिओने चालवायची छोटी विमानं. त्यातल्या ओक्यू-२ मालिकेतलं विमान जेमतेम पावणेचार मीटर पंखांचं आणि पन्नासेक किलो वजनाचं, त्याला सहा अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं इंजिन. आज ज्याला आपण ड्रोन म्हणतो, लग्नात वऱ्हाडाच्या डोक्यावर घरघरतो तो, त्याच्या खापरपणजोबांपैकी हा एक. ही विमानं लढायला जात नव्हती. विमानविरोधी तोफा चालवणाऱ्या शिकाऊ सैनिकांना नेम धरायला खरंखुरं, हलणारं, वळणारं लक्ष्य हवं होतं. त्याआधी खऱ्या विमानाच्या शेपटीला लांब दोरीने कापडी नळकांडं बांधून ओढत न्यायचे आणि खालून त्यावर गोळ्या झाडायचे. नळकांडं बिचारं सरळ रेषेत जायचं. शत्रूचं विमान तसं जात नाही. शिवाय पुढच्या विमानात जिवंत वैमानिक बसलेला, आणि नेम धरणारा अजून शिकाऊ.

रेडिओप्लेनचं विमान गुलेलीसारख्या यंत्रातून हवेत फेकत, जमिनीवरून एक माणूस ते रेडिओने वळवी, आणि तोफवाले त्याच्यावर मारा करीत. नेम लागला नाही, किंवा लागूनही पुरता चुराडा झाला नाही, तर विमानातलं पॅराशूट उघडून ते खाली येई. मग दुरुस्ती करून पुन्हा वर. युद्धाच्या काळात अशी सुमारे पंधरा हजार विमानं बनली. (आपल्याकडे डीआरडीओने पुढे याच कामासाठी जे वैमानिकरहित विमान तयार केलं त्याचं नाव ‘लक्ष्य’ असंच आहे, आणि तेही काम झाल्यावर पॅराशूटनेच उतरतं.)

नॉर्मा जीनचं पहिलं काम हीच पॅराशूटं तपासण्याचं. पुढे तिची नेमणूक झाली ‘डोप रूम’मध्ये, विमानाच्या सांगाड्यावर ताणलेल्या कापडावर लाखेसारखं द्रव फवारायला. नाव झाल्यावरही तिने या कामाविषयी सांगताना कधी हात आखडता घेतला नाही, आणि फुशारकीही मारली नाही. ज्यांच्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो तसली ही पॅराशूटं नव्हती, तोफवाल्यांचं आटोपल्यावर लक्ष्य खाली आणायची होती, असा खुलासा ती आपणहून करायची. दुसरी कुणी असती तर युद्धात सैनिकांसाठी पॅराशूट तपासायचे असं मोघम म्हणून गेली असती. ऐकणाऱ्याचा ऊर भरून आला असता, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

इथे एक रूपक अगदी उंबऱ्यात येऊन उभं राहतं. गोळ्या झेलण्यासाठीच बनवलेली वस्तू, तिला रंगवणारी पोरगी, आणि पुढे त्या पोरीवर रोखले गेलेले जगभरचे कॅमेरे. मेरिलिनवर लिहिणारा कुणीही ते आत घेईल. मी घेत नाही. अठराव्या वर्षी डोप रूममध्ये फवारणीची बंदूक धरून उभी असलेली मुलगी स्वतःकडे रूपक म्हणून बघत नसते. तिला जेवणाची सुट्टी कधी होते हे हवं असतं.

डोपबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. विमानं कापडाची होती त्या काळात हे द्रव फार महत्त्वाचं होतं. कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून मिळणारं सेल्युलोज, त्यावर रासायनिक प्रक्रिया करून ते तीव्र वासाच्या द्रावणात विरघळवायचं. कापडावर फवारलं की द्रावण उडून जातं आणि मागे राहिलेला पापुद्रा आकसतो. ढिलं कापड त्याने तट्ट ताणलं जातं, वाऱ्यापावसाला दाद देत नाही. नेलपॉलिश याच कुळातलं. असल्या द्रावणांना पिकलेल्या केळ्यांचा, जरा डोकं चढवणारा वास असतो. चांगल्या हवेशीर खोलीतही तो केसांत आणि कपड्यांत बसून घरी येतो.

याच कुळातली आणखी एक वस्तू म्हणजे त्या काळची सिनेमाची फिल्म. तीही सेल्युलोजचीच, तीही एका ठिणगीने भडकणारी. आणि नॉर्मा जीनची आई, ग्लॅडिस, हॉलिवुडमधल्या कन्सॉलिडेटेड फिल्म इंडस्ट्रीज या प्रयोगशाळेत निगेटिव्ह कापायचं काम करायची. संकलकाने ठरवलेल्या जागी मूळ निगेटिव्ह कापायची, कडा खरवडायची, द्रावण लावून दुसऱ्या तुकड्याला जोडायची. एक चूक झाली तर तो प्रसंग कायमचा गेला. नाजूक बोटांचं काम म्हणून ते मुख्यतः बायकांना दिलं जाई, आणि बायकांचं काम म्हणून त्यांची नावं पडद्यावर येत नसत. म्हणजे आईचं आणि मुलीचं पोट एकाच रसायनाच्या वासावर भरलं. आईच्या हातून सिनेमा गेला, मुलीच्या हातून विमान. चरित्रकार या मुलीच्या अंगात कुणाचं रक्त होतं, बाप कोण होता, यावर पानंच्या पानं लिहितात. माझं मन या वासापाशी अडकतं.

त्याला कारण आहे. विशीत असताना मी भोसरीच्या एमआयडीसीत एका लहानशा कंपनीत इन्स्पेक्शनला होते. स्प्रिंगा, रबरी सील, वायसर असला बारीक माल. गो-नो-गो गेज, म्हणजे माप बरोबर की चूक एवढंच सांगणारा साचा, घ्यायचा, नग घालायचा, गेला तर एका ट्रेमध्ये, अडकला तर लाल ट्रेमध्ये. शेडच्या दुसऱ्या टोकाला पेंट शॉप होतं आणि वारा आमच्याकडे असला की डब्यातल्या पोळीलाही थिनरचा वास यायचा. उभं राहून काम करणं म्हणजे काय, हे ते केल्याशिवाय कळत नाही. पहिल्या आठवड्यात टाचा बोलतात, मग पोटऱ्या, मग कंबर, आणि मग सगळं शांत होतं. दुखणं थांबत नाही, आपण ऐकणं थांबवतो. तपासनीस बाईवर कुणाचंच प्रेम नसतं हेही तिथेच कळलं. माल पास केला तर त्यात तिचं काय, तो चांगलाच होता. नापास केला तर ती अडवणूक करते. लॉट अडकला की सुपरवायझर येऊन अगदी गोड आवाजात म्हणायचे, “ताई, जरा मोठ्या मनाने बघा की.” गेजला मोठं मन नसतं, हे त्यांना मला सांगावं लागे.

असो. नॉर्मा जीन तिथे कशी पोचली ते सांगायचं राहिलं.

तिचा जन्म १ जून १९२६ चा, लॉस एंजेलिसचा. ती सात वर्षांची असताना आईचं मानसिक संतुलन ढासळलं आणि तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. मग पालक कुटुंबं, १९३५ पासून सुमारे दोन वर्षं हॉलिवुडमधलं अनाथालय, पुन्हा कुणाकुणाची घरं. जबाबदारी घेतली होती आईची मैत्रीण ग्रेस हिने. तीही आईबरोबर फिल्मच्याच कामात. १९४२ साली ग्रेस आणि तिचा नवरा दुसऱ्या राज्यात जाणार असं ठरलं. पोरीला बरोबर नेणं शक्य नव्हतं, आणि पुन्हा अनाथालयात घालायचं नव्हतं. मग आपल्याकडे कुठल्याही गावात निघाला असता तोच मार्ग निघाला: लग्न लावून देऊ. शेजारच्या डॉहर्टी कुटुंबातला जिम एकवीस वर्षांचा, मुलगा चांगला, नोकरीला. नॉर्मा जीनला सोळावं लागून अठरा दिवस झाले होते. अमेरिकेच्या कथा वाचताना आपल्याला उगाच वाटत राहतं, की तिथे सगळं निराळं असतं.

जिम डॉहर्टी बरबँकच्या लॉकहीड विमान कारखान्यात होता. पुढे तो व्यापारी नौदलात गेला आणि १९४४ साली पॅसिफिकच्या सफरीवर निघाला. सून सासरी राहायला आली. सासू, एथेल, रेडिओप्लेनमध्ये परिचारिका होती. १९४४ च्या एप्रिलमध्ये सासूने सुनेला आपल्याच कारखान्यात चिकटवून दिलं. आता दोघी एकाच दारातून कामाला जाणार, एकाच दारातून परत येणार. हे चित्र मला सिनेमातल्या नटीपेक्षा पिंपरीतल्या कुठल्याही गेटवर जास्त शोभेल असं वाटतं.

त्या वेळी कारखान्यात जाणं ही एकट्या तिची गोष्ट नव्हती. पुरुष आघाडीवर गेले होते आणि १९४३ मध्ये अमेरिकेच्या विमान उद्योगात तीन लाखांहून जास्त बायका कामाला होत्या. त्यांच्यासाठी भित्तिचित्रं होती, गाणी होती, सरकारी प्रचार होता. बाईने रिव्हेट ठोकले तरी ती बाईच राहते, लिपस्टिक लावते, आणि युद्ध संपलं की मुकाट घरी जाते, असा त्या प्रचाराचा एकंदर सूर. लष्कराला कामगार बायकांचे फोटो हवे होते ते यासाठीच: आघाडीवरच्या पोरांचं मनोधैर्य वाढावं.

आता कारखान्याच्या मालकाकडे वळू, कारण गोष्टीचा खरा मासला इथे आहे. रेडिओप्लेन उभी करणारा रेजिनाल्ड डेनी हा नट होता. जन्माने इंग्रज, पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या हवाई दलात होता, मग हॉलिवुडमध्ये येऊन मूकपटांचा लोकप्रिय नायक झाला. बोलपट आल्यावर त्याचं इंग्रजी वळण उघडं पडलं आणि तो चरित्र भूमिकांकडे वळला. विमानांचं वेड मात्र सुटलं नाही. १९३४ साली त्याने हॉलिवुड बुलेव्हार्डवर उडत्या खेळण्यांचं दुकान काढलं. खेळण्यातलं विमान रेडिओने उडवता आलं तर तोफवाल्यांना त्यावर सराव करता येईल, हे डोक्यात आल्यावर त्याने लष्कराला प्रात्यक्षिकं दाखवायला सुरुवात केली, आणि काही वर्षांच्या खटपटीनंतर १९४० साली त्याला त्रेपन्न विमानांची पहिली मागणी मिळाली. म्हणजे भावी नटी ज्या कारखान्यात उभी होती, तो एका नटाच्या छंदातून निघालेला.

आणि कोनोव्हरला तिकडे पाठवणारा त्याचा वरिष्ठ अधिकारी कोण? कॅप्टन रोनाल्ड रेगन. तोही नट, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष. त्यांची तुकडी म्हणजे लष्करी हवाई दलाचं फर्स्ट मोशन पिक्चर युनिट. तिचा तळ कल्व्हर सिटीतला हॅल रोच यांचा विनोदपटांचा स्टुडिओ, ज्याला तिथले लोक गमतीने फोर्ट रोच म्हणत. रेगन आणि डेनी यांची ओळख सिनेमातली.

खोऱ्यात जिकडे हात घालावा तिकडे हेच. जिमच्या लॉकहीडच्या बरबँक कारखान्यावर जपानी बाँबफेकीच्या भीतीने प्रचंड जाळ्या घातल्या होत्या आणि त्यावर खोटी घरं, खोटी झाडं, खोटे रस्ते उभे केले होते. वरून पाहिलं तर साधी वस्ती दिसावी. हे नेपथ्य करायला स्टुडिओतले रंगारी आणि कलादिग्दर्शक बोलावलेले. त्याच लॉकहीडमध्ये रॉबर्ट मिचम नावाचा तरुण यंत्रावर काम करायचा. त्याला त्या पाळीने झोप लागेना, डोळ्यांना दिसेनासं झालं, डॉक्टरांनी नोकरी सोड म्हणून सांगितलं आणि तो चित्रपटांत किरकोळ कामं शोधायला लागला. मिचम पुढे सांगायचा, की जिम डॉहर्टी त्याच्याबरोबरच कामाला होता. १९५४ साली हाच मिचम पडद्यावर मेरिलिनचा नायक झाला.

या सगळ्यानंतरही कुणी योगायोग म्हणणार असेल तर म्हणो. मला तो शेजार वाटतो. त्या खोऱ्यात त्या वर्षांत दोनच मोठे धंदे होते, सिनेमा आणि विमानं, आणि माणसं एकातून दुसऱ्यात ये-जा करत होती, जशी इचलकरंजीत सूत आणि माग यांच्यात करतात. नॉर्मा जीन कधी सिनेमाच्या बाहेर नव्हतीच. अनाथालयाच्या खिडकीतून तिला स्टुडिओ दिसायचा. ग्रेस तिच्या लहानपणापासून तू नटी होणार असं तिच्या कानांवर घालत आलेली. ती सिनेमाच्या मागल्या दाराशी वाढली होती. पुढलं दार उघडायला तिला नाव नव्हतं आणि ओळख नव्हती, एवढंच.

१९४४ च्या जूनमध्ये तिने ग्रेसला लिहिलेलं पत्र टिकून राहिलं आहे. रेडिओप्लेनमध्ये दिवसाला दहा तास काम करते, दिवसभर पायांवर असते, चालणंही बरंच होतं, काम सोपं नाही. मिळकतीतलं जवळजवळ सगळं युद्धानंतर घर घ्यायचं म्हणून साठवते आहे. लष्कराच्या मुलकी खात्यात नोकरी मिळत होती, कागदपत्रंसुद्धा भरून झाली होती. पण एक दिवस जाऊन पाहिलं तर तिथे सगळा पुरुषांचा बाजार. असले लांडगे रेडिओप्लेनमध्येच भरपूर आहेत, त्यात आणखी अख्खं सैन्य कशाला? नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्यानेच सांगितलं, घेतो, पण तुझ्या भल्यासाठी न आलेलंच बरं. म्हणून परत जुन्याच जागी, आणि समाधानात.

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचते. त्यात पुढची मेरिलिन शोधायला जाणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. त्यात आहे ती हिशेबी मुलगी. स्वतःच्या कमाईचे पैसे आयुष्यात पहिल्यांदा हातात आलेत आणि ते कुठे ठेवायचे हे तिला पक्कं ठाऊक आहे. कुठे जायचं नाही हेही ठाऊक आहे. पंधरा दिवसांपूर्वी अठरा पूर्ण केलेल्या, कायम दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या मुलीला घराइतकं मोठं स्वप्न दुसरं कोणतं असणार? आणि लांडग्यांवरचं ते वाक्य. आमच्या शेडमध्येही हा हिशेब सगळ्यांना करावा लागे: कुठल्या पाळीला कोण सुपरवायझर, कुठल्या बाजूच्या जिन्याने जायचं नाही. त्याला आम्ही नाव दिलेलं नव्हतं. तिने ते पत्रात हसत लिहून टाकलं.

कोनोव्हर आला तो असा एका कामावरच्या मुलीपुढे. त्याने फोटो काढले, तिला स्वतःचा लाल स्वेटर घालायला लावून आणखी काढले, आणि तू मॉडेलचं काम करायला हवंस असं सांगितलं. गोष्ट इथे टाळ्या घेते. पण कोनोव्हर एवढंच म्हणाला. बाकीचं तिला करावं लागलं. सासूला हे पसंत नव्हतं, नवऱ्याला तर नव्हतंच. घरासाठी साठवत असलेली मुलगी सासरचं घर सोडून निघाली. १९४५ मध्ये ती एमेलिन स्नाइव्हली यांच्या ब्लू बुक मॉडेल एजन्सीत दाखल झाली. तिथलं शिकवणं फुकट नव्हतं, शंभर डॉलर फी कामातून फेडायची होती. आणि तिला मिळालेलं पहिलं काम ऐकण्यासारखं आहे: एका औद्योगिक प्रदर्शनात पोलाद कंपनीच्या स्टॉलवर दिवसभर हसतमुखाने उभं राहायचं, रोजचे दहा डॉलर. म्हणजे पुन्हा पायांवरच.

मग केस सरळ केले, सोनेरी केले. मासिकांच्या मुखपृष्ठांवर ती यायला लागली. १९४६ च्या ऑगस्टमध्ये ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सहा महिन्यांचा करार केला आणि नाव बदललं. मेरिलिन हे एका रंगभूमीवरच्या नटीवरून, मन्रो हे आईचं माहेरचं. सप्टेंबरात घटस्फोट झाला. जिमला कागदपत्रं जहाजावरच मिळाली होती. तो पुढे लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात गेला. कोनोव्हरने कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत वॉलेस नावाचं एक बेट विकत घेतलं आणि तिथे पर्यटकांसाठी जागा बांधली. रेडिओप्लेन १९५२ मध्ये नॉर्थ्रॉपने घेतली.

रेडिओप्लेनमधल्या बाकीच्या बायकांचं काय झालं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. युद्ध संपलं तसं विमान कारखान्यांतून बायकांना कमी केलं गेलं, त्यात त्याही असतील. त्या दिवशी कोनोव्हरच्या कॅमेऱ्यासमोर त्यांच्यातल्याही काही जणी उभ्या राहिल्या असणार. त्यांच्यापैकी एकीला जे मिळालं ते बघता, बाकीच्यांना काय मिळायचं राहिलं असं म्हणायचं, की काय टळलं, हे मला ठरवता येत नाही.

कामगार बाईच्या फोटोचं काय होतं याचं दुसरं टोक बघायचं असेल तर नेओमी पार्कर फ्रेली यांची गोष्ट बघावी. १९४२ साली कॅलिफोर्नियातल्याच अलामेडाच्या नौदल तळावर लेथवर वाकलेल्या, डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेल्या एका तरुणीचा फोटो वर्तमानपत्रांत आला होता. दंडाची बेटकुळी दाखवणाऱ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाईचं ते जगप्रसिद्ध भित्तिचित्र याच फोटोवरून सुचलं असावं असं मानतात. अनेक वर्षं त्या फोटोखाली भलत्याच बाईचं नाव होतं. तिने काही लबाडी केली नव्हती. तिला तो फोटो स्वतःचा वाटला आणि सगळ्यांनी मानला. नेओमी यांना हे कळलं ते नव्वदीला टेकल्यावर, एका समारंभात लावलेला आपला फोटो आणि त्याखालचं परकं नाव पाहून. त्यांच्याकडे वर्तमानपत्राचं ते जुनं कात्रण होतं. जेम्स किंबल या अभ्यासकाने २०१६ साली सगळं नीट शोधून मांडलं तेव्हा त्यांना त्यांचा फोटो परत मिळाला. २०१८ च्या जानेवारीत, शहाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या. एकीच्या फोटोने तिचं नाव पुसून नवं लिहिलं, दुसरीच्या फोटोवर तीसएक वर्षं दुसऱ्याच कुणाचं नाव. दोघींच्या हातांखाली त्या दिवशी जे काम होतं, त्याबद्दल दोन्हीकडे कुणाला फारसं विचारायचं नव्हतं.

मेरिलिनचं पुढचं आयुष्य सगळ्यांना माहीत आहे, निदान तसं वाटतं. त्यातली एकच गोष्ट मला इथे लावून घ्यायची आहे. कामाच्या बाबतीत ती शेवटपर्यंत कारखान्यातली राहिली. उशिरा येणं, संवाद विसरणं, दिग्दर्शकांना रडकुंडीला आणणं हे सगळं खरं, आणि कारखान्यात यातल्या कशावरही तिला घरी पाठवलं असतं. पण आपल्या हातून काय बाहेर जातं याबद्दल ती अतिशय कडक होती. ब्लू बुकमध्ये असतानाच ती स्वतःचे फोटो घेऊन बसायची आणि हा का बिघडला, तो का बिघडला असं विचारत राहायची. स्टुडिओ तिला तेच तेच बावळट सोनेरी मुलीचं काम देत होता, आणि तिच्या जोडीच्या नायिकांना तिच्या कितीतरी पट पैसे. तेव्हा तिने काम बंद केलं. फोटोग्राफर मिल्टन ग्रीन याच्याबरोबर मेरिलिन मन्रो प्रॉडक्शन्स ही स्वतःची कंपनी काढली, आणि १९५५ च्या अखेरीस फॉक्सला नवा करार करावा लागला. त्यात दर चित्रपटाला एक लाख डॉलर होते, आणि दिग्दर्शक पसंत करण्याचा अधिकारही होता. पैशांइतकीच मला ती दुसरी अट महत्त्वाची वाटते. ते इन्स्पेक्शनचं कलम आहे.

स्थिर फोटोंच्या बाबतीत तर तिचा शब्द बहुतेक फोटोग्राफर मानत. छायाचित्रांचे तुकडे एका कागदावर छापून तिच्याकडे पाठवायचे, ती भिंग घेऊन बसायची आणि न आवडलेल्यांवर फुली मारायची. १९६२ च्या जूनमध्ये बर्ट स्टर्न याने ‘व्होग’ मासिकासाठी लॉस एंजेलिसच्या बेल-एअर हॉटेलात तिचे अडीच हजारांहून जास्त फोटो काढले. तिच्याकडे बघायला पाठवलेले नमुने परत आले तेव्हा कागदांवर जाड पेनाच्या नारिंगी फुल्या होत्या आणि रंगीत पारदर्शिका तर तिने केसांच्या पिनेने खरवडून टाकल्या होत्या. पेनाची फुली कुणी दुर्लक्षून पुढे जाऊ शकतो. खरवडलेला नग कुणाला पास करता येत नाही. आमच्याकडे नापास मालावर लाल रंगाचा ठिपका मारायचे, तो थिनरने पुसता यायचा, आणि रात्रपाळीत कधीकधी पुसलाही जायचा. म्हणून आमच्यातली एक जुनी बाई नापास स्प्रिंग पकडीने वाकवूनच लाल ट्रेमध्ये टाकत असे.

ऑगस्टच्या सुरुवातीला मेरिलिन गेली. स्टर्नने पुढे ते फोटो पुस्तकात छापले, आणि त्यात तिने नापास केलेलेही घेतले, फुल्यांसकट, ओरखड्यांसकट. आज तिचे सगळ्यात गाजलेले फोटो म्हणून जे दाखवतात त्यांत ते असतात, आणि त्या नारिंगी फुलीमुळे ते किती भेदक झालेत असं जाणकार सांगतात. असेलही. मी तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई. मला त्यात एवढंच दिसतं, की लॉट अडवला होता आणि तपासनीस घरी गेल्यावर तो बाहेर काढला.